न कुरकुरणारी वाटी

बाबांनी शिंप्याशी भांडण काढलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

नव्या पँटचा उजवा पाय जमिनीला घासत होता. कोलकात्यात, बेहाला भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान आहे. बाबा पँट हातात धरून तिथे उभे राहिले आणि त्याला बंगालीतून सुनावू लागले, की माप घेता येत नसेल तर मच्छरदाण्या शिवत जा. तो बिचारा फीत लावून दाखवत होता, दोन्ही पाय सारखे आहेत म्हणून. बाबा कसले ऐकतात! तणतणत घरी आले. आईने त्यांना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि खाली वाकून पाहिलं.

"अहो, शिंप्याला कशाला बोलताय? तुमची जुनी पँटसुद्धा घासतेय. पँट बरोबर आहे, पाय आखूड झालाय."

"आखूड व्हायला मी काय सुती कापड आहे?"

आई हसली नाही. तिला आणि मला एकाच वेळी तीच गोष्ट आठवली होती. बाबांचा उजवा खुबा त्यांचा स्वतःचा नाही.

बाबांची सगळी नोकरी खिदिरपूरच्या गोदीत, जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथेच एकदा ते इंजिनखोलीच्या शिडीवरून पडले. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला, आणि वर्षभरात हाडाचा गोळा आतून कुजून खचला. तेव्हा खुबा बदलला. मी अजून शाळेतही जात नव्हते. हाडात धातूची वाटी, तिच्या आत प्लास्टिकची दुसरी वाटी, आणि त्या प्लास्टिकच्या वाटीत फिरणारा धातूचा गोळा. आतल्या वाटीला डॉक्टर लायनर म्हणतात. त्या खुब्यावर बाबा परत गोदीत गेले, शिड्या चढले, मला खांद्यावर घेऊन पूजेचे मंडप हिंडले, निवृत्त झाले. खुबा कधी कुरकुरला नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

मी रुग्णांच्या हक्कांसाठी पत्रकं लिहिते आणि हॉस्पिटलांच्या दारात उभी राहून ती वाटते. बंगालीत, हिंदीत, मोठ्या ठळक अक्षरांत. त्यामुळे घरात माझं नाव पुढारीण.

"पुढारीण, इकडे ये," बाबा म्हणाले. हातात लांब स्क्रूड्रायव्हर. जहाजाच्या इंजिनाचं बेअरिंग बिघडलंय का हे बघायची त्यांची जुनी पद्धत आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आतली खरखर सरळ कानात येते. त्यांनी टोक स्वतःच्या खुब्याच्या हाडावर धरलं, मूठ माझ्या कानाला लावली आणि पाय पुढेमागे हलवायला लागले.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"झालं तर! आवाज नाही, गरम होत नाही, धक्का नाही. बेअरिंग उत्तम आहे. शिंप्याकडे जा आणि पँट आखूड करून आण."

मी शिंप्याकडे गेले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना एक्स-रे काढायला घेऊन गेले. ऑटोत ते सबंध रस्ता माझ्याशी बोलले नाहीत.

डॉक्टरबाई बंगाली. वयाने आईपेक्षा लहान, बोलायला एक घाव दोन तुकडे. मावशीच्या नवऱ्याला म्हणावं तसं बाबांना 'मेशोमशाय' म्हणायच्या, आईला 'माशीमा'. त्यांनी एक्स-रे उजेडावर लावला आणि नुसत्या पेनाच्या टोकाने दाखवायला सुरुवात केली.

"प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही. हा पांढरा गोळा, ही पांढरी वाटी. मधली काळी फट आहे ना, ते लायनर. आता बघा. खाली फट रुंद. वर?"

वर फट जवळजवळ नव्हतीच. गोळा वाटीच्या मधोमध असायला हवा होता, तो वर चढून बसला होता. डोळ्यातलं बुबुळ वर जावं तसा.

"म्हणजे बुश एका बाजूने झिजलाय," बाबा हळू म्हणाले. फिरत्या दांड्याला पेलणाऱ्या आतल्या अस्तराला गोदीत बुश म्हणतात.

"झिजलाय. आणि मेशोमशाय, हे." पेन वाटीच्या मागे गेलं. तिथल्या हाडात काळे डाग होते, उंदराने खाल्लेल्या भाकरीसारखे.

"हे कोणी खाल्लं?"

"तुम्हीच. तुमच्या शरीराने."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. प्रत्येक पावलाला त्या प्लास्टिकची नजरेला दिसणार नाही एवढी बारीक पूड सुटते. शरीराच्या राखणदार पेशींना वाटतं, शत्रू आला. त्या पूड गिळतात, पण प्लास्टिक काही पचत नाही. मग त्या हाका मारतात, आणखी पेशी येतात, त्याही गिळतात. सगळा गोंधळ माजतो आणि त्या गोंधळात शरीर आपलंच हाड पोखरायला लागतं. वर्षानुवर्षं. अगदी शांतपणे. मी चळवळीतली बाई, मला खलनायक लागतो. इथे तर कोणीच नव्हतं. राखणदार आपलं काम चोख करत होते, गोळा आपलं काम चोख करत होता, बाबा चालत होते. आणि त्याच चालण्यातून बाबांचं हाड संपत होतं.

"पण मला दुखत नाही," बाबा म्हणाले.

"प्लास्टिकला दुखत नाही, मेशोमशाय."

"आवाज पण नाही."

"येईल ना. गोळा प्लास्टिक फोडून बाहेरच्या धातूवर घासायला लागला, की खणखणीत आवाज येईल. तोवर थांबायचंय का?"

आयुष्यभर बाबांनी दुसऱ्यांना हेच सांगितलं होतं. जहाज गोदीत चढलं, पाणी उपसलं, की त्याच्या पंख्याच्या दांड्याखालचा बुश किती झिजलाय ते आधी मोजायचं. कप्तान म्हणायचा, चांगलं चाललंय की, कशाला वेळ घालवता? त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर होतं : चाललंय म्हणूनच मोजायचं, बंद पडल्यावर सगळ्यांनाच दिसतं. हे उत्तर मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलेय. त्या दिवशी ते मी त्यांना ऐकवलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, त्यांचं तेच ऐकत होते.

डॉक्टरबाईंनी पुढचं सरळ मांडलं. बाहेरची धातूची वाटी हाडात अजून घट्ट असेल, तर फक्त आतली बदलायची आणि पोकळीत हाडाचा चुरा भरायचा. माणूस पुन्हा हिंडता फिरता. वाटी हलत असेल, तर सगळंच उपटून काढायचं, आणि मागे उरलेलं हाड नवी वाटी धरेल की नाही, हे देव जाणे. "मग काठीशिवाय चालाल असं वचन मी देणार नाही."

"आणि घट्ट आहे की नाही ते?" बाबांनी विचारलं.

"एक्स-रे सांगतो, बहुतेक आहे. खरं उघडल्यावर कळेल."

"मग आतली वाटी बदलण्याची तयारी ठेवा," मी म्हटलं.

"ठेवली असती. पण या वाटीत बसणारं लायनर कंपनीने कधीच बंद केलंय."

इथे माझं डोकं फिरलं. मी काय बोलले, पत्रकं काढायच्या काय धमक्या दिल्या, ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माणूस चालतोय आणि त्याच्या खुब्याचा सुटा भाग बाजारातून गायब! पंख्याचं पातं नाही मिळालं तर माणूस नवा पंखा घेतो. खुबा कुठल्या दुकानात परत करायचा? आणि पहिल्या ऑपरेशननंतर घरी पाठवताना बाबांना काय काय सांगितलं होतं! मांडी घालू नका, उकिडवे बसू नका, पायावर पाय टाकू नका, बुटक्या खुर्चीत बसू नका. आईला ते सगळं अजून पाठ आहे. त्यात एक वाक्य नव्हतं : काही दुखत नसलं तरी एक्स-रे काढायला येत राहा. एकच वाक्य! तेवढ्या एका वाक्याने बाबांचं हाड वाचलं असतं. हे मी आज कोणाचीही भीड न ठेवता लिहिते. तुमच्या घरात कोणाचा खुबा बदललेला असेल, तर आत काय बसवलंय ते हॉस्पिटलकडून मागून घ्या, हक्काने मागा, आणि ठणठणीत असाल तरी डॉक्टर सांगतील तेव्हा दाखवायला जा.

"झालं बोलून?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "आता ऐक. जुनी वाटी घट्ट निघाली, तर आपण तिच्यात जरा लहान मापाचं नवं लायनर हाडांसाठीच्या खास सिमेंटने बसवणार. लायनरच्या पाठीवर खाचा पाडायच्या, सिमेंट त्यात शिरतं आणि धरून ठेवतं."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे जुन्या घरात नवा बुश! आम्ही हेच करायचो. स्पेअर नसला की लेथवर बुश कातायचा, पाठीला खाचा मारायच्या आणि बसवायचा. जहाज सिंगापूरला जाऊन परत यायचं."

"तुमचं जहाज परत यायचं की नाही ते मला ठाऊक नाही. तुम्ही मात्र यायचं, दर वर्षी, मी सांगेन तेव्हा."

"आणि नवं प्लास्टिक? तेही असंच झिजणार?"

"जात तीच. पण किरणं मारून त्याचे रेणू एकमेकांत गुंतवलेत, त्यामुळे झीज खूप कमी. शून्य नाही. शून्य म्हणणाऱ्याच्या दारात हिला पत्रकं घेऊन उभी करा."

परतताना बाबा ऑटोत बोलत होते. बंदच होईनात.

ऑपरेशनच्या आधी मी एक लेखी मागणी केली : काढलेलं लायनर आम्हाला मिळायला हवं. ते आमच्या माणसाच्या अंगातून निघणार, कचऱ्यात जाता कामा नये. डॉक्टरबाई म्हणाल्या, धुऊन, निर्जंतुक करून देते, एवढं काय त्यात. मला भांडायची संधीच दिली नाही.

त्या सकाळी आई आणि मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसलो. आई कधी नव्हे ते माझ्या पत्रकांबद्दल विचारत राहिली, कुठे छापतेस, कागद इतका पातळ का, बंगाली शुद्धलेखन कोण तपासतं. मला कळत होतं की तिला उत्तर नको आहे. एकदा ती मधेच म्हणाली, "घट्ट असेल गं. यांचं काहीच सहज सुटत नाही." आणि परत कागदाबद्दल विचारायला लागली.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा टोपी कपाळावर सरकलेली होती. आई उभी राहिली.

"घट्ट आहे," त्या आल्या आल्या म्हणाल्या. "सगळ्या बाजूंनी जोर लावून पाहिलं. हाड आणि धातू यांच्यामध्ये रक्ताचा थेंबसुद्धा हलला नाही. माशीमा, बसा. अहो बसा, पडाल."

मागचं हाड एवढं खाल्लं गेलेलं, आणि उरलेल्या हाडाने त्या धातूच्या खरखरीत पाठीत वाढून तिला अशी मिठी मारली होती, की मोठ्या माणसाने जोर लावला तरी सुटेना. मला हे अजून नीट कळत नाही. एकच शरीर. एका जागी ते वाटीमागचं हाड कुरतडतंय, आणि बोटभर अंतरावर तेच शरीर त्याच वाटीला जिवापाड धरून बसलंय.

दुसऱ्या दिवशी लायनर आलं, प्लास्टिकच्या पिशवीत.

मी त्याच्यावर पत्रक लिहायच्या तयारीने पिशवी उघडली. मथळासुद्धा ठरला होता. अर्ध्या लिंबाच्या सालीहून जरा मोठी, पिवळट पडलेली वाटी. मी ती खिडकीकडे धरली. एका बाजूची भिंत जाड, दगडासारखी. दुसऱ्या बाजूची इतकी पातळ, की कोलकात्याचा तो मळकट उजेड तिच्यातून आरपार आला. आणि आत एक नाही, दोन खळगे होते. एक कारखान्यातून आलेला, अगदी गोल. दुसरा त्याच्यावर थोडा तिरका चढलेला, बाबांनी चालून चालून कोरलेला. दोघांच्या मध्ये एक बारीकशी कड होती. दुसरा खळगा इतका गुळगुळीत झाला होता, की त्यात माझ्या अंगठ्याची सावली दिसत होती.

माझा मथळा कुठल्या कुठे गेला. गोदीकडची सगळी पावलं तिथे होती. वर्कशॉपच्या शिड्या, बाजार, माझी शाळा, आजोबांना घेऊन गेलेला स्मशानाचा रस्ता. तेल नाही, ग्रीस नाही, मधे कधी उघडून पाहिलं नाही, एका माणसाचं सगळं वजन, वर माझंही. मी राग शोधत होते आणि अंगठा त्या कडेवरून फिरवत होते.

बाबांनी ती पलंगावर पडल्या पडल्या माझ्या हातातून घेतली. करंगळीने आतली कड चाचपली. खूप वेळ चाचपत राहिले.

"कुठल्याच जहाजाने असं काम केलं नसतं," ते म्हणाले. "एवढ्याशा जाडीवर? आम्ही कधीच जहाज थांबवलं असतं." मग डोळे मिटून म्हणाले, "आणि मी शिंप्याला शिव्या दिल्या."

गोष्ट इथे संपायला हवी होती. संपली नाही, कारण बाबा चालेनात.

चालता येत नव्हतं असं नाही. घरी आल्यावर वॉकर गेला, काठी आली, जखम भरली. पण बाबा हॉलमधल्या खुर्चीत बसले ते बसलेच. पाणी हवं तर हाक. पेपर हवा तर हाक. बाल्कनीत जायचे नाहीत, खाली उतरायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "उगाच कशाला? पावलं मोजकीच असतात त्याच्यात. तू पाहिलंस ना कसं झिजतं? मी हे जपून वापरणार."

"तिजोरीत ठेवायला घातलाय का तो खुबा?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तुला नाही कळायचं, अगं. बुश वाचवायचा म्हणजे फेऱ्या कमी करायच्या."

"मग माझ्याही फेऱ्या कमी करा. पाण्याला उठा स्वतः."

ते उठले नाहीत. ज्याला झिजेचा पत्ताच नव्हता तो माणूस आनंदाने शिड्या चढत होता. ज्याने झीज हातात धरून पाहिली, तो बसून राहिला. त्यांची मांडी उतरत चालली. पँटचा उजवा पाय आता मांडीवर ढगळ लोंबायला लागला.

पुढच्या तपासणीला एक्स-रेत गोळा बरोबर मधोमध होता, चौफेर सारखी काळी फट. इतकं सुंदर काही मी एक्स-रेत पाहिलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी मात्र फिल्मकडे कमी आणि बाबांच्या मांडीकडे जास्त पाहिलं.

"चालता किती?"

"लागेल तेवढं. वाचवतोय."

"काय वाचवताय?"

बाबांनी हिशेब मांडला. बाईंनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग त्यांच्या खुब्याच्या बाजूला तळहात ठेवला.

"मेशोमशाय, हा गोळा वाटीत कशाने राहतो? खिळा नाही, स्क्रू नाही. हे स्नायू त्याला आत दाबून धरतात. दुसऱ्यांदा उघडलेल्या खुब्यात ते आधीच दमलेले असतात. तुम्ही बसून राहिलात तर ते वाळतील, आणि एक दिवस खुर्चीतून उठताना गोळा वाटीतून निसटून बाहेर येईल. लायनर एकदम नवंकोरं असेल हां. झिजलेलं नसेल अजिबात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"पाहता काय? ऐका," आई म्हणाली.

"फेऱ्या मारल्या तर झिजणार, नाही मारल्या तर निसटणार. हे कसलं यंत्र?"

"यंत्र नाही ते," बाई म्हणाल्या. "पाय आहे. चालवा."

त्या संध्याकाळी पाण्यासाठी हाक आली नाही. स्वयंपाकघरात पेल्याचा आवाज झाला, आणि आई मला खूण करून गप्प बस म्हणाली.

सकाळी मी उठले तर खुर्ची रिकामी. काठी नव्हती, पिशवी नव्हती. मी चपला घालून खाली धावले. गल्लीच्या टोकाशी ते दिसले, काठी डाव्या हातात, पिशवी काखेला, बाजाराच्या दिशेने. मी हाक मारली नाही. मागे मागे चालत राहिले. फुटपाथ तुटलेला, मधे सायकली, टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. प्रत्येक पावलाला आत कुठेतरी तो गोळा फिरत होता, बोटाच्या पेराहूनही पातळ अशा प्लास्टिकवर सगळे बाबा उभे होते, आणि रस्त्यावरच्या एकाही माणसाला त्याचा पत्ता नव्हता. मासेवाल्याने त्यांना पाहून आरोळी ठोकली, "दादा, एतोदिन कोथाय छिलेन?" इतके दिवस होता कुठे? बाबांनी त्याच्याकडे हात हलवला आणि पुढे गेले.

मी त्यांना गाठलं. "बाजार मागे राहिला, बाबा."

"दिसतंय मला," ते म्हणाले, आणि थांबले नाहीत.